उंदराने किती खाल्ले, हे कोण मोजणार?

गेल्या हिवाळ्यात नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मधुमेहावर जाहीर चर्चा भरली होती. मी श्रोता म्हणून बसलो होतो. पहिल्या वक्त्याने एका शोधनिबंधाची छायाप्रत हातात धरून सांगितले की, कारल्याची भुकटी खाद्यात मिसळून दिल्यावर मधुमेही उंदरांची साखर चार आठवड्यांत निम्म्यावर आली, तेव्हा आजीबाईच्या बटव्याला आता प्रयोगशाळेचाही शिक्का मिळाला आहे. दुसरे वक्ते पेशाने डॉक्टर. झाडपाल्याची ही सगळी दुकानदारी आहे, असे म्हणून त्यांनी विषय निकालात काढला. तिसऱ्या वक्त्या प्राणिमित्र कार्यकर्त्या होत्या आणि त्यांचे म्हणणे असे की, उंदीर हा माणूस नव्हे, म्हणून हे प्रयोग आजच्या आज बंद व्हावेत. दोन तास वाद झाला, टाळ्याही पडल्या. पण त्या उंदरांनी रोज किती खाल्ले, हे तिघांपैकी एकानेही विचारले नाही, आणि श्रोत्यांतूनही कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, ही माझी चूक. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. औषधी वनस्पती खाद्यात मिसळून मधुमेही प्राण्यांवर केले जाणारे प्रयोग बंद करण्याचे कारण नाही. पण आपल्याकडच्या औषधनिर्माण आणि प्राणिशास्त्र विभागांत ते ज्या रीतीने होताना मी पाहत आलो आहे, त्या रीतीने त्यांतून वनस्पतीच्या बाजूने काही सिद्ध होत नाही आणि तिच्या विरुद्धही नाही. ते संख्येने कमी आणि शिस्तीने कडक झाले पाहिजेत, आणि प्रत्येक पिंजऱ्यातले खाद्य रोज तोलण्याची सोय ज्या आराखड्यात नाही, त्याला संस्थेच्या प्राणी नीती समितीने परवानगीच देऊ नये.

प्रयोग होतो कसा, हे ठाऊक नसलेल्या वाचकासाठी थोडे विस्ताराने सांगावे लागेल. दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचे विस्टार जातीचे पांढरे उंदीर घेतात. त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन नावाच्या द्रव्याचे इंजेक्शन देतात. हे द्रव्य मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून प्रतिजैविक म्हणून मिळाले होते. त्याने मधुमेह होतो हे १९६३ साली नोंदले गेले. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. मरणाऱ्या पेशींतले इन्सुलिन एकदम बाहेर पडून उंदीर पहिल्याच रात्री दगावू नये, म्हणून त्यांना काही तास ग्लुकोजचे पाणी ठेवावे लागते. तीन दिवसांनी शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहतात. मग सहा-सहा उंदरांचे गट पडतात: एक निरोगी, एक मधुमेही पण उपचाराविना, एक ग्लिबेनक्लामाइडसारखे नेहमीचे औषध घेणारा, आणि दोन वनस्पतीच्या लहान-मोठ्या मात्रेचे. एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी साखर पुन्हा मोजली की प्रबंधाचे चौथे प्रकरण तयार होते.

वनस्पती पोटात घालण्याच्या दोन रीती आहेत. अर्क करून तो वाकड्या सुईने थेट जठरात सोडणे, ही एक. भुकटी करून खाद्याच्या गोळ्यांत मिसळणे, ही दुसरी. दुसरी रीत सोपी, स्वस्त आणि दिसायला निरुपद्रवी आहे. शेकडा पाच भाग मेथी मिसळली, असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, सगळ्या उंदरांना सारखीच मेथी मिळाली. इथेच फसगत होते. मधुमेही प्राण्याचे लक्षणच मुळी अतिभूक आणि अतितहान हे आहे. निरोगी उंदीर दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम खातो. मधुमेही उंदीर त्याच्या दीडपट, कधी दुप्पटही खातो. म्हणजे एकाच पोत्यातले खाद्य खाणाऱ्या दोन उंदरांपैकी एकाच्या पोटात एक ग्रॅम मेथी जाते आणि दुसऱ्याच्या दीड-दोन ग्रॅम. पुढे साखर खरोखरच उतरू लागली तर भूक कमी होते, आणि भूक कमी झाली की मात्राही आपोआप उतरते. मात्रा परिणामावर अवलंबून आणि परिणाम मात्रेवर अवलंबून, अशा गुंत्यात कारण कोणते आणि कार्य कोणते, हे नुसते शेवटचे आकडे पाहून कोण सांगणार?

याहून मोठी अडचण चवीची आहे. कारले, कडुनिंब, काडेचिराईत ही मंडळी कडू. त्यांची भुकटी मिसळलेले खाद्य उंदीर पहिले काही दिवस हुंगतो, कुरतडतो, तुसात पाडतो आणि कमी खातो. कमी खाल्ले की साखर उतरते. त्यासाठी कारल्यात काही गुण असण्याची आवश्यकता नाही. वाळूने भरलेल्या गोळ्या दिल्या तरी ती उतरेल. मेथीची गोष्ट निराळी. ती तंतुमय असते, तिचा डिंकासारखा भाग आतड्यात फुगतो आणि साखरेचे शोषण संथ करतो. हा गुण खरा आहे आणि उपयोगाचाही आहे. पण शंभर ग्रॅम खाद्यात मेथी घालताना तेवढा मका किंवा गहू काढून टाकला, तर उंदराला पिष्टच कमी मिळाले, हेही खरे. मग साखर मेथीने उतरली की मका कमी झाल्याने? याचे उत्तर मिळवायचे तर तुलनेच्या गटाला तितकेच तंतू आणि तितकीच उष्णता (कॅलरी) देणारे खाद्य द्यावे लागते, आणि वनस्पतीच्या गटाने काल जेवढे खाल्ले तेवढेच आज तुलनेच्या गटापुढे तोलून ठेवावे लागते. ही काही अवघड विद्या नाही. दोन म्हशी दारात असलेला लातूरचा कोणताही शेतकरी नवी पेंड सुरू केल्यावर आधी गव्हाणीत किती कडबा उरला ते पाहतो, मग धारेचा विचार करतो. दूध वाढले ते पेंडीने की हिरवी वैरण लागल्याने, हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत तो का नसावा?

खाद्य ही प्रयोगाची पार्श्वभूमी नसते, हा धडा वैद्यकाने फार पूर्वी घेतलेला आहे. आइकमान हा डच वैद्य जावा बेटावर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या आवारातल्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. जंतू सापडेना. शेवटी उलगडा झाला तो स्वयंपाकघरात: कोंबड्यांना मध्यंतरी लष्करी रुग्णालयातला उरलेला सडीक तांदळाचा भात घातला जात होता, आणि नव्या आचाऱ्याने लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देण्यास नकार दिल्यावर त्या पुन्हा साध्या असडीक तांदळावर आल्या होत्या. त्या आचाऱ्याच्या खाक्यातून जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट निघाली आणि आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याही आधी, १७४७ मध्ये, ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या वैद्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा पूरक पदार्थ दिला. एका जोडीला संत्री-लिंबे मिळाली आणि ती जोडी सुधारली. पण तो प्रयोग आजही वाचण्याजोगा वाटतो तो एवढ्यासाठी की, बाकीचे जेवण त्याने बाराही जणांना एकच ठेवले होते. पावणेतीनशे वर्षांपूर्वी हेलकावणाऱ्या जहाजावर जे साधले, ते वीज आणि इलेक्ट्रॉनिक तराजू असलेल्या खोलीत साधू नये काय?

विरुद्ध बाजूचे मुद्दे हलके नाहीत. पहिला असा की, खाद्यात मिसळणे हीच आपल्या परंपरेशी जुळणारी रीत आहे. मेथी आपण भाजीत, लाडवात आणि थालीपिठात खातो. सुईने जठरात अर्क सोडणे कोणत्या घरात होते? शिवाय रोज मानगूट धरून सुई घातल्याने प्राणी घाबरतो, आणि भीतीने साखर वाढते, म्हणजे तीही रीत निर्दोष नाही. हे मला पूर्णपणे मान्य आहे. किंबहुना खाद्याची रीत टिकावी, असेच माझे म्हणणे आहे. पण परंपरेचे नाव घेतले की तिचा हिशेबही घ्यावा लागतो. चरकाने प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराच्या, रुग्णाला जव हे मुख्य अन्न सांगितले आणि व्यायाम सांगितला. आहार बदलणे हीच तिथे चिकित्सा आहे, पूर्वीच्याच जेवणावर भुरभुरलेली चिमूटभर पूड नव्हे. जो आहाराला औषध मानतो, त्यानेच आहार मोजायचे टाळावे, हा विरोधाभास मला कळत नाही.

दुसरा मुद्दा डॉक्टरांच्या तुच्छतेला दिलेले उत्तर म्हणून येतो, आणि ते उत्तर बिनतोड आहे. मधुमेहात सर्वात जास्त लिहून दिले जाणारे मेटफॉर्मिन हे युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानटी शेंगवर्गीय झाडाच्या अभ्यासातून निघाले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांचे मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ साली सापडलेल्या फ्लोरिझिनमध्ये आहे. तेव्हा झाडपाला म्हटल्याबरोबर नाक मुरडणे हे अज्ञान आहे. परंतु वाटेत काय घडले, तेही पाहावे. मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले १९२२ मध्ये आणि माणसांवरचा वापर पॅरिसमध्ये झाँ स्टेर्नने प्रसिद्ध केला १९५७ मध्ये. मूळ वनस्पतीतला गॅलेजिन विषारी ठरला होता. तो बाजूला ठेवून त्याच्या रचनेजवळचे सौम्य द्रव्य शोधावे लागले. वनस्पतीपासून औषधापर्यंतचा रस्ता आहे, याचा अर्थ प्रत्येक भुकटी त्या रस्त्याने पोचलेली आहे, असा होत नाही.

सदाफुलीची गोष्ट तर आपल्या अंगणातली आहे. मराठवाड्यात शुगर झालेल्या माणसाला सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने किंवा फुले चावायला सांगणारा शेजारी प्रत्येक गल्लीत भेटतो. हाच समज जमैकातही होता, आणि १९५०च्या दशकात तिथून आलेली पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली. उंदरांना काढा पाजला. साखर जागची हलली नाही. मग अर्क शिरेतून दिला तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. एखाद्या घाईच्या संशोधकाने इथे वही मिटली असती, किंवा मात्रा आणि दिवस बदलत-बदलत कुठेतरी साखर उतरलेली दाखवली असती. नोबल आणि चार्ल्स बियर यांनी उंदीर कशामुळे मेले, हे पाहिले, आणि त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळलेल्या आढळल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगाचे औषध निघाले. मधुमेहाच्या बाबतीत हरलेला प्रयोग प्रामाणिकपणे लिहिला गेला म्हणून कर्करोगाचे औषध मिळाले. आता आपल्याकडचे प्रबंध आठवून पाहा. वीसेक वर्षांत बाह्य परीक्षक म्हणून माझ्यापुढे आलेल्या प्रबंधांत वनस्पती हरल्याचा एकही निष्कर्ष मला वाचायला मिळाला नाही. जांभळाची बी जिंकते, गुळवेल जिंकते, बेडकीचा पाला जिंकतो, बांधावरचे ज्याला नाव नाही तेही जिंकते. ज्या शर्यतीत कोणीच हरत नाही, ती शर्यत असते का?

एका प्रबंधात उपचाराविना ठेवलेल्या गटातल्या चार उंदरांची साखर नेमकी सहाशे होती. चौकशी केल्यावर कळले की, माणसांसाठीचे ग्लुकोमीटर सहाशेच्या वर आकडा दाखवत नाही, ‘हाय’ एवढेच दाखवते; मुलाने ‘हाय’च्या जागी सहाशे लिहिले होते. मुलाचा दोष नव्हता. त्याला तसे कोणीतरी शिकवले होते.

उंदराचा हा मधुमेह म्हणजे आपला मधुमेह नव्हे, हेही उघडपणे बोलले जात नाही. आपल्याकडे दिसतो तो बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा: इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. स्ट्रेप्टोझोटोसिनच्या एकाच मोठ्या मात्रेने होतो तो पहिल्या प्रकारासारखा, कारण तिथे इन्सुलिन बनवणारी पेशीच मरते. यातली गंमत पाहा: तुलनेसाठी जे ग्लिबेनक्लामाइड देतात ते काम करते जिवंत बीटा पेशींना डिवचून. पेशी खरोखरच मेल्या असतील तर त्याने काही होता कामा नये, आणि त्याने साखर झपाट्याने उतरत असेल तर पेशी पुरेशा मेलेल्याच नव्हत्या. चरबीयुक्त खाद्य काही आठवडे देऊन मग लहान मात्रा टोचण्याची, दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळ जाणारी रीत उपलब्ध आहे. पण तिला दोन महिने जादा लागतात आणि प्रबंध मार्चमध्ये द्यायचा असतो.

मात्रेचे गणितही एकदा करून पाहण्यासारखे आहे. उंदराची दर किलोमागची मात्रा माणसाला लावताना तिला साधारण सहाने भागण्याचा प्रघात आहे. पाच टक्के मेथीचे खाद्य वीस ग्रॅम खाणाऱ्या दोनशे ग्रॅमच्या उंदराला दर किलोमागे पाच ग्रॅम मेथी मिळते. सहाने भागून साठ किलोच्या माणसाला लावा: रोज पन्नास ग्रॅम. जाहिरातीत मात्र रोज सकाळी एक चमचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसांना मेथी दिली ती तेल काढलेली आणि रोज शंभर ग्रॅम, दोन्ही जेवणांत विभागून. म्हणजे मेथीत गुण नाही असे नाही; चमच्यात तो गुण मावत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वात जास्त बोचतो, कारण तो मांडणारे माझेच सहकारी आहेत. ते म्हणतात, तुम्ही पुण्या-मुंबईची मापे लावता. आमच्याकडे अनुदान नाही, मुले शेतकऱ्यांची, स्ट्रेप्टोझोटोसिनची एक कुपीही त्यांना परवडत नाही. साधे-सोपे प्रयोग करून ती हात तरी बसवतील. गरिबीचे कारण खरे आहे. पण तराजू महाग नाही. उरलेले खाद्य तोलायला रोज अर्धा तास लागतो, अनुदान लागत नाही. आणि मराठवाड्याला काटेकोर प्रयोग परके कधी होते? परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ भेंडी शेतकऱ्याच्या हाती दिली ती एका वाफ्यात चांगली आली म्हणून नव्हे. वाण चिठ्ठ्या टाकून वाफ्यांत विखुरायचे, तेच वाण अनेक वाफ्यांत पुन्हा घ्यायचे, हंगामामागून हंगाम पाहायचे, ही तिथली शिस्त आहे. बियाण्याच्या बाबतीत आपण जेवढे सावध असतो, तेवढे औषधाच्या बाबतीत का नसावे? उलट आपल्या हवामानामुळे आपण अधिक सावध असायला हवे. प्रत्येक प्रबंधात प्राणिगृहाचे तापमान बावीस अधिक-उणे तीन अंश असे छापलेले असते. एप्रिलच्या शेवटी वीज गेल्यावर, कूलर बंद पडलेल्या पत्र्याच्या खोलीत मी स्वतः उभा राहिलो आहे. तिथे बावीस अंश नव्हते. उन्हाने उंदराचीही अन्नावरची वासना उडते. जानेवारीत मोजलेला तुलनेचा गट आणि एप्रिलमध्ये मोजलेला वनस्पतीचा गट यांत साखरेचा फरक पडला, तर तो पाल्याचा की उन्हाळ्याचा?

राहिला प्राणिमित्रांचा आक्षेप. १९६०चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा आणि १९९८चे प्रयोगांविषयीचे नियम आहेत, प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत नीती समिती असते, आणि २०२३ मधल्या नियमबदलाने नव्या औषधांच्या चाचणीत प्राण्यांविना करता येणाऱ्या पद्धतींना वाट करून दिली आहे. पेशींवर जे पाहता येते, ते उंदरावर पाहू नये, याबद्दल दुमत नको. पण भूक, आतड्यातले शोषण, यकृत आणि स्नायू यांचा एकत्र खेळ अजून काचेच्या बशीत मांडता येत नाही, आणि खाद्यातली वनस्पती नेमकी तिथेच काम करते. शिवाय प्राण्यांवरचे प्रयोग आज थांबवले, तर भुकट्या विकणे थांबणार आहे का? त्या थेट माणसावरच तपासल्या जातील, नोंद न ठेवता. माझा राग प्रयोगावर नाही, वाया गेलेल्या उंदरावर आहे. चोवीस उंदरांना विष टोचून, महिनाभर तहानेने व्याकूळ ठेवून, शेवटी ज्यातून काहीच कळत नाही असा तक्ता काढणे, हे कायद्याच्या चौकटीत बसले तरी क्रौर्यच आहे.

आणि हा तक्ता प्रबंधात पडून राहत नाही. आठवडी बाजारातल्या पुडीवर ‘प्राण्यांवर सिद्ध’ असे छापून तो परत येतो. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४च्या कायद्याने मनाई आहे. तरी पुडी विकली जाते आणि घेणारा ती गोळीच्या जागी किंवा गोळीच्या जोडीला घेतो. गोळी आणि पाला एकत्र घेतल्यावर साखर किती खाली जाते, कोणत्या मात्रेला चक्कर येते, हे पाहणारा गट मला एखाद्याच प्रबंधात भेटला असेल. आपले रुग्ण प्रत्यक्षात जे करतात, तेच उंदरावर कोणी करून पाहत नाही.

गेल्या वर्षी एका महाविद्यालयात एम.फार्म.च्या विद्यार्थिनीचे काम पाहायला गेलो होतो. मधुमेही उंदरांचे पिंजरे लांबूनच ओळखू येत होते. सकाळी घातलेले तूस दुपारपर्यंत लघवीने भिजून काळे पडले होते. जाळीतल्या गोळ्या तिने काढून तोलल्या, मग पिंजरा ट्रेमध्ये पालथा केला आणि ओल्या तुसातून कुरतडलेले तुकडे चिमट्याने वेचू लागली. वाळवून तेही तोलायचे, असे तिचे तिनेच ठरवले होते. संस्थेने दिलेल्या छापील नोंदवहीत वजनाचा, साखरेचा आणि मृत्यूचा रकाना होता. सांडलेल्या खाद्याचा नव्हता. आदल्या दिवसाचे साडेचार ग्रॅम तिने समासात, पेन्सिलीने लिहून ठेवले होते.